शेवट सांगू नकोस

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

मिळाली! 'सातवीं चौकी' मिळाली! सगळीच्या सगळी — सहा डिस्क, एका डब्यात!

इथल्या बाजारात, नई सडकवर, लोकर आणायला गेले होते. तिथं एक व्हिडिओ लायब्ररी होती, आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. मालक जुना माल बाहेर फळीवर मांडून बसला होता. लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी, भजनं, कुस्त्या. आणि मधोमध हा डबा. कव्हर उन्हानं पांढरं पडलेलं, पण कमांडर देवदत्तचा चेहरा ओळखला मी. भर रस्त्यात "अरे!" म्हणून ओरडले. मालक म्हणाला, "मॅडम, इसे कोई नहीं पूछता. आप ले ही जाइए." लोकर आणायची राहिलीच.

दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. जनकगंजच्या आमच्या जुन्या घरी छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, समोर सतरंजी, आणि सतरंजीवर ताई आणि मी. लग्नाला आलेल्या दोन घोड्या — असं आई म्हणायची. पृथ्वीपासून फार लांब, काळ्या अंधारात एक चौकी. त्यात पाच माणसं आणि एक रोबो. भरकटलेल्या यानांना रस्ता दिसावा म्हणून दिवा लावून बसलेली. बस, एवढीच गोष्ट. पण रविवारी आम्ही दोघी न्हाणंसुद्धा पुढे ढकलायचो.

घरी येऊन ताईला डबा दाखवला. तिनं बघितला. "हं," म्हणाली. भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवी झाली. पाचही वाजले नव्हते.

४ जानेवारी

ताई इथं दिवाळीच्या आधी आली. भावजी ऑगस्टमध्ये गेले. सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि डेअरीच्या पायरीवरच... बस. परत वर आले ते तसेच.

हेमेंद्र — तिचा मुलगा, पुण्याला असतो — कंपूच्या बस स्टॉपवरून माझ्या घरापर्यंत बॅग स्वतः उचलून घेऊन आला. "मावशी, थोडे दिवस सांभाळ आईला. मी मोठं घर बघतो, मग घेऊन जातो." मी म्हटलं, सांभाळते. मला काय, रिटायर झालेली मास्तरीण, आयुष्यभर एकटी राहिलेली. वाटलं, बरंच आहे.

पण ताई इथं असून नसते. बॅग अजून उघडून कपाटात लावली नाही तिनं. त्यातूनच साडी काढते, धुतली की घडी करून त्यातच ठेवते. स्टेशनवर बसल्यासारखी.

५ जानेवारी, रविवार

खालचे संग्रामसिंह सकाळी माळ्यावरून डीव्हीडी प्लेअर काढून घेऊन आले. बिल्डिंग त्यांचीच. शिंदे संस्थानिकांच्या फौजेतलं घराणं, पण मराठी बोलता बोलता गाडी हिंदीत जाते. "शरयूताई, याचा भरोसा काही नाही हां. चालला तर चालला." तारा जोडताना टीव्हीमागे असे घुसले की फक्त चपला दिसत होत्या. मग आतून आवाज — "लावा आता!"

लावली. ते संगीत! सतारीवर काहीतरी इलेक्ट्रिक घासल्यासारखं. अंगावर काटाच आला.

आणि रंग! मी विसरलेच होते की ही रंगीत होती! आम्ही कधी रंगात बघितलीच नाही. कमांडरचा कोट कुठल्या रंगाचा, यावरून ताईचं नि माझं किती भांडण व्हायचं. मी म्हणायचे लाल. ती म्हणायची निळाच असणार, साहेब लोक निळं घालतात. आज बघते तर काय — हळदीचा! लग्नातल्या उष्ट्या हळदीच्या पंच्यासारखा पिवळाधमक!

मागून आवाज आला — "पिवळा?"

ताई दारात उभी. शाल गुंडाळलेली, केस विसकटलेले. "पिवळा कसा असेल? टीव्ही खराब आहे तुझा."

संग्रामसिंह म्हणाले, "दीदी, टीव्ही नवा आहे." ताई म्हणाली, "मग तो कमांडर खराब आहे."

तिघंही हसलो. ताई पण. उभ्याउभ्या पूर्ण भाग बघितला तिनं. बस म्हटलं तर बसली नाही.

६ जानेवारी

आज विचारलं तिनं — "दुसरा लावणार का?" मी भाजी तशीच गॅसवर सोडून गेले. करपली. चालेल!

९ जानेवारी

कोहरा इतका की धुक्यात किल्ला दिसत नाही. गच्चीवर जाऊन बघितलं — किल्ल्याच्या जागी नुसतं दूध.

बाहेर काही नाही म्हणून दुपारीच लावली. आज हसून हसून पोट दुखलं. तेव्हा आम्हाला वाटायचं काय भव्य ती चौकी! आता बघते — भिंती सगळ्या अंड्यांच्या ट्रेच्या. उलटे लावून चंदेरी रंग मारलेला. ताईनंच पकडलं. "शरू, ते बघ, एक ट्रे निसटलाय." कंट्रोल रूममधली बटणं म्हणजे जुन्या रेडिओचे कान. आणि रोबो त्रिशंकू! त्याचं पोट म्हणजे प्रेशर कुकर. वर शिट्टीची जागासुद्धा तशीच आहे. तेव्हा त्याला गोळी लागली तर मी जेवले नव्हते!

ताई म्हणाली, "पण बघ ना, बोलतात किती मन लावून. अंड्यांच्या ट्रेसमोर उभं राहून कसं बोलतात. जसं खरंच."

तिनं स्वतःहून दुसरी पोळी मागितली. लिहून ठेवते.

१४ जानेवारी, संक्रांत

यंदा आमच्याकडे सण नाही. भावजींचं वर्ष व्हायचंय. मी काही केलं नव्हतं. दुपारी झोपून उठते तर घरभर तिळाचा वास! ताई कढईसमोर.

म्हटलं, "अगं, सण नाही ना यंदा?"

"सण नाही. पण थंडी आहे ना?"

लाडू जरा कडक झाले. त्रिशंकूच्या पोटासारखे, असं तीच म्हणाली. संग्रामसिंहांना देऊन आले, त्यांनी दात सांभाळत खाल्ला.

१७ जानेवारी

आता रोज एक भाग, चहाच्या वेळी. ताईची खुर्ची ठरली — खिडकीजवळची. माझी दिवाण. मध्ये कप, बशीत तीळगुळाची गजक.

डॉक्टर नीलिमा दिसली की ताई ताठ बसते. तेव्हा पण तसंच. ताई तेव्हा नीलिमासारखा अंबाडा घालायची — मागे उंच, एक बट कपाळावर. आई ओरडायची, "कोण बघणार आहे तुला अंतराळात?" ताईचं लग्न उशिरा जमलं. मुलं बघून जायची नि कळवायची नाहीत. त्या सगळ्या दिवसांत ताई रविवारची वाट बघायची. नीलिमाचं लग्न झालेलं नव्हतं ना. आणि तिला कुणी विचारत पण नव्हतं, का झालं नाही म्हणून.

आज ताईनं केस विंचरले. अंबाडा नाही. साधी वेणी. पण विंचरले!

२१ जानेवारी

आजचा भाग लागला आणि ताई म्हणाली, "हा शेवटचा. याच्यानंतरच्या आठवड्यात माझं लग्न."

खरंच की. पुढे तिनं काही पाहिलंच नाही. इंदूरला सासऱ्यांच्या खोलीत टीव्ही होता. सुना तिथं बसायच्या नाहीत. रविवारी सकाळी तर वीस माणसांचा स्वयंपाक. माहेरी आली की मला विचारायची — काय झालं ग पुढे? मी सांगायचे. देवदत्तची नक्कल, नीलिमाची नक्कल, कुकरच्या झाकणानं त्रिशंकू. पण एकदा, मालिका संपल्यावर, मी सांगायला सुरुवात केली तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "शेवट सांगू नकोस. कधीतरी बघीन मी."

मग हेमेंद्र झाला, भावजींच्या बदल्या, सासूबाईंचं आजारपण. मालिका पुन्हा लागली नाही. मी पण कधी सांगितला नाही.

म्हणजे उद्यापासून तिच्यासाठी सगळं नवं! मला माहीत आहे, तिला नाही. मजा येणार.

२२ जानेवारी

आली मजा! मी टीव्ही बघतच नव्हते. ताईकडे बघत होते. यान जवळ आलं तेव्हा तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. "तो चोर आहे! दार उघडू नका!" — नीलिमाला ओरडून सांगत होती. नीलिमानं दार उघडलं. ताई म्हणाली, "मूर्ख बाई!" आणि पुढे सरकून बसली.

२६ जानेवारी

चौथी डिस्क अडकते. देवदत्तचं तोंड उघडं राहतं ते मिटतच नाही. ताईचा जीव वर-खाली. संग्रामसिंहांना हाक मारली. त्यांनी टूथपेस्ट बोटावर घेऊन डिस्कला लावली, धुतली, पुसली — चालली! "आमच्या टाइमला असंच करत होते," म्हणाले. मग तेही बसून राहिले. मध्येच विचारतात, "ये दाढ़ीवाला कौन है?" ताई त्यांना पहिल्यापासून सगळं समजावते. माझी ताई! जी तीन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हती!

२ फेब्रुवारी, रविवार

मेळ्यात गेलो, इथल्या मोठ्या जत्रेत! तीच म्हणाली, "मेळा चालू असेल ना? मोठा पापड खायचाय."

ई-रिक्षात गर्दी, धूळ, भोंगे. एवढा मोठा पापड, दोघींनी दोन बाजूंनी धरून खाल्ला. एका दुकानात ताई फिक्या निळ्या रंगाच्या साडीसमोर उभी राहिली. घेतली नाही. हात लावून बघितली. मी आग्रह केला नाही.

परत येताना म्हणाली, "शरू, तू इथं एकटी कशी राहिलीस ग इतकी वर्षं?"

म्हटलं, "मजेत."

"खरंच?"

"शाळा होती, पोरी होत्या. घरी आले की दार लावून घ्यायचे, पाय वर घेऊन बसायचे. कुणी चहा मागायचं नाही."

तिनं पापडाचे कण पदरावरून झटकले. मग म्हणाली, "मला माझं दार कधी नव्हतंच."

मी हे तिला सांगितलं नाही, पण इथं लिहिते — आता मला दार लावून एकटं बसावंसं वाटत नाही. संध्याकाळी दोन कप ठेवायची सवय झाली. घरात कुणाच्या तरी बांगड्यांचा आवाज येतो, बरं वाटतं. हेमेंद्रला मोठं घर जितकं उशिरा मिळेल तितकं चांगलं. स्वार्थी आहे मी! असू दे.

६ फेब्रुवारी

पाचवी डिस्क संपत आली. आज एकदम आठवलं — शेवट!

इतके दिवस मजेत होते, डोक्यातच आलं नाही. शेवटच्या भागात दिवा विझतो. कमांडर देवदत्त बाहेर जातो दुरुस्तीला. नीलिमाला म्हणतो, "अभी आया." आणि येत नाही. यान बाकीच्यांना न्यायला येतं, सगळे जातात. नीलिमा जात नाही. ती एकटी त्या चौकीत. मी तेव्हा इतकी रडले होते की आईनं टीव्ही बंद केला होता.

अभी आया. भावजी पण हेच म्हणून गेले असतील ना? आलोच, म्हणून.

आत्ता कुठे ती दोन पोळ्या खाते. नाही. हे तिला नाही दाखवायचं.

७ फेब्रुवारी

सहावी डिस्क तांदळाच्या डब्यात घातली. ताईला सांगितलं, खराब निघाली, चालत नाही. टूथपेस्ट? — टूथपेस्टनं पण नाही.

ती म्हणाली, "अच्छा." एवढंच. मला वाटलं होतं जास्त वाईट वाटेल तिला. सुटले.

८ फेब्रुवारी

चहाच्या वेळी काय करावं कळेना. बातम्या लावल्या. दोघींनी बातम्यांकडे बघितलं.

११ फेब्रुवारी

काय दिवस होता.

बँकेत गेले होते, लाइफ सर्टिफिकेटचं काहीतरी अडकलं होतं. दुपारी घरी आले. टीव्हीवर नुसता निळा पडदा. ताई खुर्चीत. डोळे सुजलेले. मांडीवर डिस्कचं रिकामं पाकीट, त्याला तांदूळ चिकटलेले. तिनं खिचडी टाकायची म्हणून तांदळाचा डबा उघडला होता.

मी म्हटलं, "ताई, अगं मी —"

"तू मला काय समजतेस? काच?"

इतक्या मोठ्यानं ती कधी बोलली नाही. लहानपणी पण नाही.

"सगळे मला सांभाळतात! हेमू सांभाळतो. तू सांभाळतेस. हळू बोलतात, दार लोटून फोन करतात. त्या दिवशी पण! लोक त्यांना वर घेऊन आले, आणि मला आतल्या खोलीत बसवलं. वहिनींना नका दाखवू, त्यांना सहन नाही होणार. नेताना आणलं मला बाहेर. चादर होती, फुलं होती, माणसं होती. चेहरा मला नीट दिसलाच नाही, शरू. एवढी वर्षं रोज बघितलेला चेहरा, आणि शेवटचा मला कुणी बघू दिला नाही. माझ्या भल्यासाठी!"

मला हे माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मी पोचले तोपर्यंत सगळं झालं होतं.

ती रडत होती, मी पण. मी तिच्या पायाशी खाली बसले. शेवटी म्हटलं, "चुकलं माझं."

ती म्हणाली, "खिचडी लावायची राहिलीये." आणि उठून आत गेली. तांदूळ धुण्याचा आवाज आला.

१२ फेब्रुवारी

आज तिनंच बोलावलं — "ये, बस. शेवटचा भाग बघू."

"पुन्हा?"

"काल एकटीनं बघितला. आज तुझ्याबरोबर."

बघितला. देवदत्त "अभी आया" म्हणाला तेव्हा मी तिचा हात धरला. तिनं माझा थोपटला! मलाच!

यान सगळ्यांना घेऊन गेलं. नीलिमा खिडकीत उभी. मग ती वळते, दिव्याचा खटका ओढते, दिवा लागतो. खुर्चीत बसते. दूरच्या कुणाला तरी आवाज देते — "सातवीं चौकी. बोलिए, मैं सुन रही हूँ." आणि हसते! मला हे हसणं अजिबात आठवत नव्हतं. आईनं टीव्ही बंद केला होता ना! म्हणजे मी पण शेवट पाहिलेला नव्हता. इतकी वर्षं मी एक दुःखी शेवट जपून ठेवला होता, जो अर्धाच होता.

ताई म्हणाली, "तिला कुणी मागे ठेवलं नाही ग. यानात जागा होती. मी आज नीट मोजली, दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. ती राहिली."

मग म्हणाली, "वेडी आहे. पण बरोबर केलं."

१५ फेब्रुवारी

ताईनं बॅग उघडली. मला वाटलं, आता कपाटात लावणार! खालचा खण रिकामा करायला धावले.

ती साड्या झटकून पुन्हा नीट भरत होती. "मी इंदूरला जाते. माझ्या घरी."

"एकटी?"

"हो."

मी खण तसाच उघडा ठेवून स्वयंपाकघरात गेले. खूप वेळ कणीक मळली.

१६ फेब्रुवारी, रविवार

हेमेंद्रचा फोन. ताईनं त्याला सांगितलं असावं. "मावशी, हे काय नवीन? ती एकटी त्या घरात? जिथं बाबा... तू समजाव ना तिला. तुझं ऐकते ती. फ्लॅट फायनल होतोय माझा, दोन-तीन महिने फक्त. तोवर तुझ्याकडेच राहू दे."

तिकडे ताई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी एकटीच होते फोनवर. एक शब्द बोलले असते — हो रे, समजावते — तर ती थांबली असती. दोन-तीन महिने. कदाचित जास्त. माझ्या मनात दुसरं काही नव्हतंच की!

पण तोंडातून निघालं, "हेमू, जाऊ दे तिला."

"मावशी!"

"तुझी आई आजारी नाही. तिचा नवरा गेलाय. तिला तिचं घर बघायचंय. तू तिकीट काढून दे, खालचा बर्थ. आणि रोज फोन करू नकोस, एक दिवसाआड कर."

मग म्हणाला, "ती रडली तर?"

"तर रडेल रे."

फोन ठेवला. हुशार आहेस शरयू, म्हटलं स्वतःला. आता बस एकटी.

१९ फेब्रुवारी

ताईनं मेळ्यातली ती निळी साडी आणली! एकटी जाऊन! रिक्षा करून, भाव करून! नेसून दाखवली. "भावजींना निळा आवडायचा का?" मी विचारलं. "नाही," म्हणाली. "मला आवडतो."

२३ फेब्रुवारी, रविवार

सोडून आले. संग्रामसिंहांनी गाडी काढली होती. प्लॅटफॉर्मवर ते ताईशी काहीतरी हळू बोलत होते, मी पाण्याची बाटली आणायला गेले होते. आले तर दोघं गप्प झाले. काय ते, म्हटलं, असेल लाइट बिलाचं.

ताई खिडकीतून म्हणाली, "मला बाहुली करून ठेवलं नाहीस, बरं केलंस."

"ठेवणारच होते," म्हटलं.

"माहितेय मला."

गाडी सुटली. मी रडले नाही. संग्रामसिंह रडले! इतका मिशीवाला माणूस. मला त्यांना चहा पाजावा लागला.

२४ फेब्रुवारी

दोन कप ठेवले चहाला. एक परत फडताळात.

२८ फेब्रुवारी

ताईचा फोन. भावजींची कपाटं उघडली तिनं. त्यांचे चष्मे सापडले, वेगवेगळ्या नंबरांचे, सगळे तुटके, एकही टाकला नव्हता. हसत होती. मग म्हणाली, "काल रडले खूप. मग झोप लागली छान." आवाज मोकळा होता. पहिल्यासारखा — जनकगंजसारखा.

छान झोप लागते तिला तिथं. म्हणजे झालंच की. मीच म्हटलं होतं ना, जाऊ दे.

५ मार्च

शाळेत बोलावलं होतं, नववीच्या मुलींना महिनाभर गणित शिकवाल का म्हणून. हो म्हटलं. मुली बऱ्या आहेत. एक आहे, पाढे येत नाहीत पण भूमिती डोळे मिटून करते. घरी आल्यावर दार लावलं, पाय वर घेतले. चांगलं वाटलं. पूर्वीइतकं नाही, पण चांगलं.

मी दुःखी नाहीये. हे खरंच लिहितेय.

१४ मार्च, होळी

ताईला फोन केला, उचलला नाही. मग तिचा आला — बाहेर होते म्हणे, काम होतं. कसलं काम? "आहे एक." तिला आता कामं आहेत! बरं आहे.

जिन्यात रंगाचा वास. होळीचा नाही, भिंतीच्या रंगाचा. मजूर वर-खाली करतात, झोप होत नाही दुपारी.

२२ मार्च, शनिवार

संध्याकाळी संग्रामसिंह वर आले. हातात एक चावी. "शरयूताई, सांगू नका असं म्हटलं होतं दीदींनी. पण मला पहाटे मुरैन्याला जायचंय, ट्रक सकाळी येणार. चावी कुणाजवळ देऊ?"

"कुठल्या दीदी?"

"आपल्या! लीलादीदी!"

म्हणजे ताई! आणि चावी माझ्या समोरच्या दाराची. संग्रामसिंहांचाच फ्लॅट, इतकी वर्षं नुसतं सामान भरलेला. जायच्या आधीच तिनं त्यांना विचारून ठेवलं होतं. इंदूरचं घर भाड्यानं दिलं. हेमेंद्रला पण माहीत होतं — त्यानंच ट्रक करून दिला!

"मी म्हटलं त्यांना," संग्रामसिंह म्हणाले, "दीदी, तिथं करमत नाही का? तर म्हणाल्या, तिथं राहता येतं, ते बघून झालं. आता जिथं राहायचं तिथं येते."

"मग माझ्याकडेच का नाही आली?"

ते हसले. "हे पण बोलल्या. बहिणीच्या घरात नाही राहायचं म्हणाल्या. बहिणीच्या समोर राहायचंय."

मी समोरचं दार उघडलं. भिंती फिक्या निळ्या. सगळ्या खिडक्या उघडून आले, वास जायला हवा. ताईला फोन केला नाही. उद्या ती जिना चढून येईल तेव्हा मी माझ्या दारात उभी राहून विचारणार आहे — नमस्कार, नवीन भाडेकरू का?